पंप कुणाला, किती दिवस आणि कसा? लहान मुलांच्या घरघरीचा आढावा

पावसाळा सरत येतो, हवा बदलते आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागते. आधी सर्दी झाली, मग खोकला आला, रात्री छातीतून घरघर ऐकू येऊ लागली आणि पोट उडायला लागलं. दवाखान्यात वाफ दिली की बरं वाटतं, पण महिन्याभरात पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या वेळी डॉक्टर इन्हेलर लिहून देतात आणि घरात वाद सुरू होतो. आजी म्हणते, "एवढ्याशा जिवाला पंप नको, एकदा लागला की सुटत नाही." वडील विचारतात, "म्हणजे याला दमा आहे का?" आणि आईला हवं असतं ते आजच्या रात्रीपुरतं उत्तर: नेमकं करायचं काय?

तिघांचेही प्रश्न रास्त आहेत आणि गेल्या चाळीसेक वर्षांत त्यांवर भरपूर संशोधन झालं आहे. 'पंप चांगला' किंवा 'पंप वाईट' असा निकाल त्यातून निघत नाही. श्वासातून औषध देणं हा घरघर होणाऱ्या मुलाला औषध देण्याचा सर्वांत सौम्य मार्ग आहे, हे मात्र आता वादातीत आहे. ठरवायचं उरतं ते एवढंच: कोणत्या मुलाला द्यायचं, किती दिवस द्यायचं आणि दिलेलं औषध फुप्फुसात पोचतं आहे का. आपल्याकडे चर्चा पहिल्याच पायरीवर, हवा की नको यावर, अडकते आणि मुलाचं खरं भलं ज्यात आहे ते प्रश्न मागे पडतात.

घरघर कशाची?

लहान मुलाच्या श्वासनलिका मुळातच अरुंद असतात. विषाणूमुळे त्यांचं अस्तर सुजतं, आत चिकट स्राव साचतो आणि भोवतीचे स्नायू आवळले जातात. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर हवेला होणारा अडथळा सोळा पट वाढतो. म्हणूनच ज्या सर्दीने मोठ्या माणसाचं फक्त नाक वाहतं, त्याच सर्दीने दीड वर्षाच्या मुलाला धाप लागते.

पण छातीतून येणारा प्रत्येक आवाज ही घरघर नसते. श्वास सोडताना येणारा शिट्टीसारखा बारीक आवाज ही खरी खूण. नाक चोंदल्यामुळे येणारा घुर्र आवाज वेगळा आणि श्वास आत घेताना घशातून येणारा कर्कश आवाजही वेगळा. दवाखान्यात पोचेपर्यंत आवाज थांबलेला असतो, त्यामुळे पालकांनी मोबाइलवर उघड्या छातीचं आणि पोटाचं अर्ध्या मिनिटाचं चित्रण करून ठेवलं, तर डॉक्टरांचं निदान सोपं होतं.

वर्षाच्या आतल्या बाळाला पहिल्यांदाच घरघर झाली असेल, तर बहुतेक वेळा तो ब्राँकिओलायटिस असतो, म्हणजे आरएसव्ही किंवा तशाच एखाद्या विषाणूने अगदी बारीक श्वासनलिकांना आलेली सूज. यात साल्बुटामॉल किंवा स्टिरॉइडच्या वाफेचा सहसा उपयोग होत नाही, हे अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. या बाळांना गरज असते ती नाक मोकळं ठेवण्याची, थोडं थोडं दूध पाजत राहण्याची आणि लागला तर ऑक्सिजनची. इथे पंप नको म्हणणारी आजी बरोबर असते.

दुसरी गोष्ट शेंगदाण्याची. खेळता खेळता मुलाला एकदम ठसका लागला आणि त्यानंतर घरघर सुरू झाली, तर शेंगदाणा, फुटाणा किंवा एखादी बी श्वासनलिकेत अडकली असण्याची शक्यता आधी तपासावी लागते. अशा मुलाला महिनोन्‌महिने वाफ दिली तरी काही साधत नाही. दुर्बीण घालून ती वस्तू काढावीच लागते. जन्मापासूनची घरघर, वजन न वाढणं, दूध पिताना गुदमरणं, आठवडेच्या आठवडे हटत नसलेला ओला खोकला, घरात क्षयाचा रुग्ण असणं, यांतलं काहीही असलं तर पंप सुरू करण्याआधी कारण शोधायला हवं.

याला दमा आहे का?

या प्रश्नाचं सर्वांत भक्कम उत्तर अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या टुसॉन शहरातून आलं. तिथे १९८०पासून हजाराहून अधिक नवजात बाळांची नोंद करून त्यांना वर्षानुवर्षं तपासत राहण्याचा उपक्रम सुरू झाला. फर्नांडो मार्टिनेझ आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहा वर्षांपर्यंत जवळजवळ निम्म्या मुलांना कधी ना कधी घरघर झाली होती. सुमारे २० टक्के मुलांना ती पहिल्या तीन वर्षांत झाली आणि सहाव्या वर्षापर्यंत थांबली. सुमारे १४ टक्के मुलांमध्ये ती लहानपणी सुरू होऊन टिकून राहिली आणि १५ टक्के मुलांमध्ये तीन वर्षांनंतर सुरू झाली. म्हणजे पहिल्या तीन वर्षांत घरघर झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलं त्यातून आपसूक बाहेर पडली.

ही मुलं कोणती आणि टिकून राहणारी कोणती, हे आधीच ओळखण्याचे ठोकताळे पुढे याच अभ्यासातून तयार झाले. आई किंवा वडिलांना दमा, मुलाला एक्झिमा, सर्दी नसतानाही येणारी घरघर, रक्तात इओसिनोफिल पेशींचं वाढलेलं प्रमाण, यांमुळे दम्याची शक्यता वाढते. फक्त सर्दीबरोबर घरघर येते, मध्ये मूल ठणठणीत असतं आणि घरात ॲलर्जीचा इतिहास नाही, तर शक्यता कमी होते. पण हे झालं गटांबद्दल. समोरच्या एका मुलाचं भवितव्य त्यातून खात्रीने सांगता येत नाही. म्हणून वडिलांच्या प्रश्नाला दोन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत प्रामाणिक उत्तर हेच, की आत्ता नाव देण्याची घाई नको, त्रासावर उपचार करू आणि मुलाकडे लक्ष ठेवू. नाव ठरलं नाही म्हणून उपचार अडत नाहीत.

आराम देणारं औषध

इन्हेलरमधली औषधं दोन प्रकारची. एक लगेच आराम देणारं, दुसरं सूज आटोक्यात ठेवणारं. या दोहोंची गल्लत झाली की सगळंच बिघडतं.

पहिल्या प्रकारातलं मुख्य औषध साल्बुटामॉल. ते १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये तयार झालं आणि १९६९पासून बाजारात आलं. आवळलेले स्नायू ते काही मिनिटांत सैल करतं आणि चार ते सहा तास परिणाम टिकतो. ज्या दाबाच्या डबीतून ते फवारलं जातं, ती मात्र त्याआधीची. अमेरिकेतल्या रायकर प्रयोगशाळेचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. केसांच्या स्प्रेसारखं माझं औषध का मिळत नाही, असं तिने विचारलं आणि १९५६ साली पहिला मोजून फवारणारा इन्हेलर विक्रीला आला.

आपल्याकडे अजूनही हेच औषध सिरपमधून देण्याची पद्धत रूढ आहे. इथे आकडे पाहण्यासारखे आहेत. नेहमीच्या सिरपच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, २ मिलिग्रॅम साल्बुटामॉल असतं. इन्हेलरच्या एका पफमध्ये असतं १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याचा विसावा भाग. सिरपमधलं औषध पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या शरीरात फिरून थोडंसं फुप्फुसात पोचतं. परिणाम उशिरा होतो, आणि हात थरथरणं, छाती धडधडणं, चिडचिड, झोप न लागणं हे त्रास अधिक होतात. इन्हेलर मिळत नसेल तेवढ्याच परिस्थितीत तोंडाने साल्बुटामॉल द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली स्पष्ट केलं. 'साधं सिरप' सौम्य आणि 'पंप' कडक, ही आपल्याकडची समजूत त्यामुळे नेमकी उलटी आहे.

मशीन की स्पेसर?

लहान मूल फवारा उडताच त्याच क्षणी खोल श्वास घेऊ शकत नाही. इन्हेलर थेट तोंडात धरला, तर औषध जिभेवर आणि घशात आपटतं. म्हणून मध्ये झडपेची पोकळ नळी लागते. हाच स्पेसर. फवारा त्यात तरंगत राहतो आणि मूल आपल्या नेहमीच्या श्वासाने तो आत घेतं. साधारण चार वर्षांपर्यंत त्याला मास्क जोडायचा, त्यानंतर मूल ओठांत तोटी नीट धरू लागलं की मास्क काढायचा. पावडरच्या रोटाहेलरसाठी जोराने श्वास ओढावा लागतो, त्यामुळे इतक्या लहान मुलांना तो देऊन उपयोग नाही.

नेब्युलायझरची वाफ अधिक जोरकस, असा पालकांचा पक्का समज असतो. सौम्य ते मध्यम त्रासात स्पेसरमधून दिलेलं साल्बुटामॉल नेब्युलायझरइतकंच काम करतं, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यांतून दिसलं आहे. उलट, स्पेसर वापरलेल्या मुलांना तातडीच्या विभागात कमी वेळ थांबावं लागलं आणि त्यांची नाडीही कमी धडधडली. स्पेसरला वीज लागत नाही, तो पिशवीत मावतो आणि काम दोन-तीन मिनिटांत होतं. गावाकडे भारनियमनाच्या रात्री हा फरक किती मोठा ठरतो, हे वेगळं सांगायला नको. त्रास फार तीव्र असेल आणि सोबत ऑक्सिजन द्यायचा असेल, तेव्हा नेब्युलायझरला त्याची जागा आहेच.

स्पेसर परवडत नसेल तर? दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या हेदर झार आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवून दिलं, की शीतपेयाच्या अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या तळाला इन्हेलरच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडून सांधा नीट बंद केला, तर दम्याचा झटका आलेल्या मुलांना ती बाजारातल्या स्पेसरइतकाच आराम देते. विकतचा झडपेचा स्पेसर मिळत असेल तर तोच घ्यावा, पण नसेल तिथे बाटली हा चाचणीवर उतरलेला पर्याय आहे.

आता प्रत्यक्ष देण्याची रीत, कारण यश-अपयश इथेच ठरतं. मुलाला मांडीवर उभट बसवा, त्याची पाठ आपल्या छातीला टेकलेली असू द्या. टोपण काढून इन्हेलर हलवा आणि स्पेसरला जोडा. मास्क नाक-तोंडावर असा बसवा की गालापाशी, नाकाच्या बाजूला फट राहणार नाही. जराशी फट राहिली तरी बरंच औषध बाहेर जातं. एक पफ दाबा आणि पाच-सहा श्वास होईपर्यंत मास्क हलवू नका. झडपेची हालचाल दिसत असेल तर तीच मोजा. दुसरा पफ द्यायचा असेल, तर इन्हेलर पुन्हा हलवून पुन्हा सगळं करा. दोन पफ एकदम उडवले, तर औषध दुप्पट मिळत नाही.

सर्वांत मोठी अडचण रडण्याची. रडलं की श्वास खोल जातो आणि औषध जास्त मिळतं, असं अनेकांना वाटतं. खरं म्हणजे रडणारं मूल लांबलचक श्वास सोडतं आणि मध्येच झटकन घेतं, त्यामुळे औषध घशातच अडकतं आणि फुप्फुसात जवळजवळ काहीच जात नाही. झोपेत द्यावं तर मास्क लागताच बरीच मुलं दचकून जागी होतात. खरा इलाज सरावाचा. मूल बरं असताना मास्क त्याच्या हातात खेळायला द्यावा, तो बाहुलीला लावू द्यावा, आईने स्वतःच्या तोंडाला लावून दाखवावा, 'एक, दोन, तीन' म्हणत श्वास मोजायचा खेळ करावा. चार दिवस हे केलं की पाचव्या दिवशीची झटापट बरीच कमी होते.

स्पेसर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थोडे थेंब टाकून धुवायचा आणि आपोआप वाळू द्यायचा. फडक्याने पुसला तर प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं. इन्हेलर संपला की नाही, हे हलवून किंवा पाण्यात टाकून कळत नाही. मोजणीची खिडकी असेल ती पाहावी, नसेल तर वापरलेले पफ कॅलेंडरवर लिहीत जावेत.

रोजचं औषध कुणाला?

दुसरा प्रकार श्वासातून द्यायच्या स्टिरॉइडचा: बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन. हे घरघर चालू असताना लगेच आराम देत नाही. रोज घेतल्यावर काही आठवड्यांत अस्तराची सूज उतरते आणि पुढचे झटके कमी होतात.

ते कुणाला द्यावं, यावर तज्ज्ञांमध्ये बराच खल झाला. दम्याची शक्यता जास्त असलेल्या दोन ते तीन वर्षांच्या २८५ मुलांवर अमेरिकेत दोन वर्षं चाललेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ साली आले. औषध चालू असेपर्यंत मुलं अधिक बरी राहिली. पण औषध थांबवल्यानंतरच्या वर्षात दोन्ही गट सारखेच झाले. म्हणजे हे औषध त्रास आवरतं, पुढचा दमा टाळत नाही. 'आत्ताच दिलं तर मोठेपणी दमा होणार नाही' असं आश्वासन कुणी देत असेल, तर त्याला आधार नाही.

२०११च्या चाचणीत वारंवार घरघर होणाऱ्या मुलांपैकी एका गटाला रोज थोडं बुडेसोनाइड दिलं, तर दुसऱ्याला फक्त सर्दी सुरू होताच सात दिवस जास्त मात्रेत. मोठ्या झटक्यांच्या बाबतीत दोन्ही पद्धती सारख्याच ठरल्या, आणि दुसऱ्या गटाला वर्षभरात एकूण औषध बरंच कमी मिळालं. २०१६च्या आणखी एका अभ्यासाने दाखवलं, की रक्तात इओसिनोफिल जास्त असलेल्या किंवा धुळीसारख्या हवेतल्या गोष्टींची ॲलर्जी असलेल्या मुलांना रोजच्या स्टिरॉइडचा सर्वाधिक फायदा होतो. बाकीच्यांमध्ये कोणतं औषध सरस हे तितकं स्पष्ट नव्हतं.

या सगळ्याचा मेळ घातला तर व्यवहारात उतरणारी रीत अशी: वर्षातून एक-दोनदा सर्दीबरोबर हलकी घरघर होत असेल, तर तेवढ्यापुरतं साल्बुटामॉल पुरे. झटके वारंवार येत असतील, एखादा तीव्र झटका आला असेल, किंवा मधल्या काळातही रात्रीचा खोकला आणि खेळताना धाप असेल, तर रोजचं कमी मात्रेचं स्टिरॉइड साधारण तीन महिने देऊन पाहायचं. फरक पडला तर पुढे कमीत कमी मात्रेवर आणायचं. फरकच पडला नाही, तर आधी देण्याची रीत तपासायची, मग निदान तपासायचं, आणि तरीही फायदा नसेल तर बंद करायचं. तीन महिन्यांनी बोलावून फेरविचार न करता वर्षानुवर्षं चालू ठेवणं जितकं चूक, तितकंच आठवड्याभरात बरं वाटलं म्हणून आपणच थांबवणंही चूक.

तोंडाने द्यायच्या स्टिरॉइडबाबत जास्त जपायला हवं. शाळेत न जाणाऱ्या मुलांच्या विषाणूजन्य घरघरीत प्रेड्निसोलोनने रुग्णालयातला मुक्काम कमी होत नाही, असं २००९च्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत दिसलं, तर २०१८मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या चाचणीत काहीसा फायदा दिसला. म्हणून तीव्र त्रासात डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते द्यावं, पण प्रत्येक सर्दीला सिरप लिहून देण्याची सवय मोडायला हवी. माँटेलुकास्टच्या गोळ्या-पुड्यांचंही तेच. वागण्यात आणि झोपेत होणाऱ्या बदलांमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली त्यावर सर्वांत गंभीर पातळीची सूचना छापायला लावली. हे औषध सुरू केल्यावर मूल भयंकर स्वप्नांनी उठत असेल किंवा एकाएकी चिडखोर झालं असेल, तर डॉक्टरांना लगेच सांगावं.

भीती आणि तिचं माप

स्टिरॉइड हा शब्द ऐकताच पालक दचकतात. भीती निराधार नाही, पण तिचं माप ठाऊक असावं. शाळकरी मुलांवर झालेल्या अमेरिकी अभ्यासात चार ते सहा वर्षं रोज बुडेसोनाइड घेतलेल्यांची प्रौढपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली, असं २०१२ साली प्रसिद्ध झालं. वर्षांनुवर्षं घेतलेल्या औषधाची ही किंमत आहे. आटोक्यात न राहिलेला दमा, चुकलेल्या झोपा, पुन्हा पुन्हा घ्यावं लागलेलं तोंडी स्टिरॉइड, यांची किंमत याहून मोठी असते. तोंडात बुरशी येऊ नये म्हणून पफनंतर पाणी पाजावं किंवा चूळ भरायला लावावी आणि मास्कखालचा चेहरा पुसावा.

सवय मात्र लागत नाही. ज्या मुलांचा पंप वर्षांनुवर्षं सुटत नाही, त्यांचा दमाच टिकून राहिलेला असतो. आणि पंप नाकारण्याचं मोल आपण देशपातळीवर मोजतो आहोत. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात, असा २०१९चा जागतिक आजारभाराचा अंदाज आहे. हे मृत्यू प्रामुख्याने मोठ्यांचे असले, तरी पंपाची भीती लहानपणीच रुजते.

घरातला धूर

औषध आत जात असताना धूरही जात असेल, तर लढाई अवघडच. मच्छरांची एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात, असं २००३च्या अभ्यासात मोजलं गेलं. बंद खोलीत, बाळाच्या उशाशी ती रात्रभर जळते. मच्छरदाणी हा तिला साधा पर्याय आहे. अंघोळीनंतर बाळाला शेगडीवरच्या ओव्याची आणि धूपाची धुरी देण्याची रीत मायेपोटी चालत आली आहे, पण घरघर होणाऱ्या बाळाला ती बाधते. चूल, उदबत्ती, दिवाळीचे फटाके आणि घरातल्या माणसाची विडी-सिगारेट यांनाही हेच लागू. आजीला हे समजावताना तिच्या मायेवर बोट ठेवू नये. मालिश, शेक, अंगाई सगळं राहू द्यावं, धूर तेवढा थांबवावा.

आज रात्री काय करायचं?

डॉक्टरांनी साल्बुटामॉल लिहून दिलेलं असेल आणि घरघर सुरू झाली, तर स्पेसरमधून एकेक करून दोन पफ द्यायचे. वीस मिनिटांनी पाहायचं. गरज वाटली तर वीस-वीस मिनिटांच्या अंतराने आणखी दोनदा देता येतात. पहिल्या दोन तासांत सहाहून जास्त पफ लागले, आराम टिकण्याचा वेळ दर वेळी कमी होत गेला किंवा चोवीस तासांत मूल सावरलं नाही, तर दवाखाना गाठायचा. वर्षाच्या आतल्या बाळाच्या बाबतीत पुन्हा पुन्हा पफ देत घरी थांबू नये.

बरगड्यांमधली आणि गळ्याखालची कातडी आत ओढली जाणं, नाकपुड्या फुलणं, दूध पिता किंवा बोलता न येणं, ओठ निळसर पडणं, मूल मलूल होणं, यांतलं एकही लक्षण दिसलं तर पफ देत देत थेट रुग्णालयात निघायचं. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावा: दोन महिने ते एक वर्ष वयात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक म्हणजे श्वास वेगाने चालला आहे. छातीतला आवाज एकाएकी थांबला पण मूल थकत चाललं असेल, तर ती सुधारणा समजू नये. हवा जाणंच कमी झाल्याची ती खूण असू शकते.

काय बदलायला हवं

साल्बुटामॉल आणि बुडेसोनाइडचे इन्हेलर देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. औषध आहे, पुरावा आहे, अडतं ते शेवटच्या टप्प्यात. पहिल्या भेटीत डॉक्टर किंवा परिचारिकेने स्पेसर दाखवावा आणि दर भेटीत आईकडून तो वापरून घ्यावा, कारण एकदा शिकलेली रीत महिन्यांत विसरली जाते. कधी किती पफ, कधी दवाखाना, हे मराठीत एका कागदावर लिहून द्यावं आणि त्याची एक प्रत पाळणाघरात किंवा अंगणवाडीत असावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिरपच्या बाटलीशेजारी इन्हेलर आणि स्पेसर असायलाच हवा, आणि आशाताईंना मास्क कसा लावायचा हे माहीत हवं.

पालकांनीही पुढच्या भेटीत तीन प्रश्न विचारावेत: हे औषध लगेच आराम देणारं की रोजचं? किती दिवसांनी फेरविचार करायचा? आणि मी देते ते बरोबर देते आहे का, पाहाल का? तिसऱ्या प्रश्नासाठी डॉक्टरांची पाच मिनिटं मागण्याचा हक्क प्रत्येक आईबापाला आहे आणि तो त्यांनी न संकोचता बजावावा.